वर्गांत बोलतो कोण?

शाळेच्या वार्षिक अंकांत मुलांनीं लिहावें आणि शिक्षकांनीं तें तपासावें असा शिरस्ता आहे. यंदा मराठी विभागाच्या संपादक-मंडळानें तो मोडून आम्हांसच चार पानें भरून मागितलीं व विषयाची निवड आमच्यावर सोंपविली. वर्गांत मुलांचें लक्ष कसें लागावें, हा प्रश्न पालकसभेंत दर वर्षीं निघतो आणि चहा आला म्हणजे तसाच राहून जातो. म्हणून तोच येथें घेण्याचें योजिलें आहे. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस आहे म्हणून नव्हे, तर ह्या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली व ती आम्हांस पूर्णगडच्या एका मुलानें दाखवून दिली, म्हणून.

पूर्णगड हें रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढें, मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें वसलेलें लहानसें बंदर आहे. गांवाच्या माथ्यावर किल्ला आहे. किल्लाही लहानच, परंतु त्याच्या तटावर उभें राहिलें असतां खाडीचें मुख व मोकळा समुद्र हीं दोन्हीं एकदम दृष्टीस पडतात. ह्या गांवाहून एक मुलगा रोज एस. टी. गाडीनें आमच्या शाळेंत येतो. त्याचें नांव येथें देत नाहीं. वडील मच्छीमार, घरांत वृद्ध आजोबा. मुलगा पांचवीपासून आमच्याकडे आहे. पण सातवीपर्यंत तो वर्गांत आपण होऊन एकदांही बोलल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. विचारलें कीं उभा राही, खालीं पाही, आणि ‘बस’ म्हटलें कीं बसे. वह्या मात्र भरलेल्या. फळ्यावरचें अक्षर न् अक्षर तो उतरून घेई. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘शांत आहे, लक्ष कमी’ असा शेरा सलग दोन वर्षें लिहिला. त्या शेऱ्यांत मुलाचें वर्णन किती व आमचें अज्ञान किती, तें पुढें दिसेलच.

सातवीच्या सहामाही परीक्षेनंतर त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते म्हणाले, “गुरुजी, ह्याच्या वह्या भरल्या, पन डोक्यांत काय नाय. बोटीवर आला तर हाताखालीं तरी येल.” चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण हा मुलाचा कायद्यानें दिलेला हक्क आहे, हें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग फार अदबीनें विचारलें, “हक्क हाय तो खरा, गुरुजी. पन तीन वर्सांत ह्यो शिकला काय, तेवढां सांगा.” ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. प्रगतिपुस्तक होतें, पण तें उत्तर नव्हे.

पुढच्याच महिन्यांत सातवीची सहल पूर्णगडास गेली. सकाळीं दहाच्या सुमारास मुलें तटावर बसलीं असतां बरोबरच्या शिक्षिकाबाईंनीं सहज विचारलें, “आतां भरती आहे कीं ओहोटी?” कोणी भरती म्हणालें, कोणी ओहोटी. तेव्हां मागून एक अनोळखी आवाज आला. “सुकती चालू हाय, बाई. आज सप्तमी. सातांची पाउणकी सव्वापांच. पहांटे सव्वापांचाला भरती पुरी झाली. साडेअकरापर्यंत पाणी उतरेल, मग चढूं लागेल. उद्यां अष्टमी, आठांची पाउणकी सहा.” वर्गानें वळून पाहिलें. बोलणारा तोच होता.

आजोबांनीं शिकविलेला हा ठोकळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो, बंदराबंदरांत थोडाबहुत फरक पडतो. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत असत. आम्हीं ते मृत समजत होतों; पूर्णगडच्या होडींत त्यांतला एक अद्यापि जिवंत होता. आणि लाजेची गोष्ट ही कीं, तीन-चतुर्थांशानें आठास गुणावें, हेंच उदाहरण त्या मुलानें सहामाहीच्या पेपरांत कोरें सोडलें होतें!

गोष्ट येथेंच थांबली नाहीं. एका मुलीनें वहींत आंकडे मांडून शंका काढली. पौर्णिमेस पंधरांची पाउणकी सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशीं प्रतिपदा. पुन्हां पहिल्यापासून मोजलें तर बारावर पाऊण तास. म्हणजे रोज पाऊण तास पुढें सरणारी भरती त्या एका दिवसांत दीड तासाची उडी कशी घेते? मधला पाऊण तास गेला कोठें? मुलगा गप्प झाला. पण हें गप्प बसणें निराळें होतें. त्यानंतरचा अर्धा तास वर्गानें जें केलें, तें करावयास आम्हीं सांगितलें नव्हतें. पंधरा तिथींत भरती घड्याळाचे बारा तास फिरून मूळ जागीं यावयास पाहिजे. बारा तासांचीं मिनिटें ७२०. त्यांस पंधरांनीं भागितलें तर ४८. म्हणजे भरती दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें पुढें सरकते, पंचेचाळीस नव्हे. दर तिथीस तीन मिनिटें सुटलीं; पंधरा त्रिक पंचेचाळीस; पाऊण तास सांपडला! मुलगा म्हणाला, “आजोबांनीं तीन मिनिटें सोडलीं, कारण पाउणकी तोंडीं येते, अठ्ठेचाळिसांचा हिशेब होडींत करतां येत नाय.” गणितांतील ‘आसन्न मूल्य’ म्हणजे काय, हें इतक्या नेमकेपणानें आम्हीं वर्गांत कधीं सांगितलें नसेल.

परत येतांना आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. ह्या मुलाचें लक्ष कमी नव्हतें. तीन वर्षांत आम्हीं त्यास विचारण्यासारखें कांहीं विचारलेंच नव्हतें. आणि जें थोडें विचारलें, त्याचें उत्तर ऐकण्यापूर्वीं त्याचें ‘नाय’ सुधारून ‘नाहीं’ केलें होतें. शाळेंत परत आल्यावर आम्हीं एका सहकाऱ्यास घड्याळ घेऊन आमच्याच वर्गांत मागें बसविलें आणि एका तासिकेंत शिक्षक किती बोलतो व मुलें किती बोलतात, हें टिपावयास सांगितलें. मुलांचा वांटा इतका थोडा निघाला कीं, तो आंकडा येथें छापण्यास संकोच वाटतो.

तेव्हां आमचें मत असें आहे. लक्ष ही मुलाकडून मागून घेण्याची किंवा धाक घालून काढण्याची वस्तु नव्हे. मुलाच्या हातीं विचार करण्याजोगें काम पडलें म्हणजे तें आपोआप त्या कामास लागतें. ज्या वर्गांत एकटा शिक्षक काम करतो, तेथें लक्षही एकट्या शिक्षकाचेंच लागतें.

हें मत कांहीं नवें नाहीं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ सालीं ह्या देशांत आले. पुढें त्यांनीं मुंबईस जें विद्यालय काढिलें, तें विल्सन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें. पण आल्यावर त्यांनीं प्रथम केलें काय? ते आमच्याच रत्नागिरी किनाऱ्यावर, हर्णैस, मराठी शिकत बसले. शिकविणाऱ्यानें आधीं मुलाची बोली शिकावी, ही पहिली पायरी त्यांनीं ओळखली होती. ती आम्ही मराठीच बोलणारे शिक्षक विसरतों.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनीं १९२० सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति बालमंदिर काढिलें. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या गुजराती पुस्तकांत एक कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशीं मोठ्या हौसेनें तो शांततेचा खेळ मांडतो आणि मुलें गोंगाट करून त्याचा बेत पार उधळून लावतात. त्या रात्रीं तो मुलांस दोष देत नाहीं. आपला बेत बदलतो, व दुसऱ्या दिवशीं गोष्ट सांगावयास बसतो. नव्या पद्धतीचा पहिला दिवस बहुधा फसतो, हें कबूल करणारें शिक्षणावरचें पुस्तक विरळा. म्हणूनच प्रत्येक शिक्षकानें तें वाचावें असें आम्हांस वाटतें.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. पुढें १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. तेथील आदिवासी मुलें गुरें चारावयास जात, शाळेंत येत नसत. तेव्हां त्यांनीं मुलांस बोल लावला नाहीं. शाळाच कुरणांत नेली, आणि तिला ‘कुरणशाळा’ असें नांव पडलें. आमच्या मुलासाठीं शाळा एक दिवस तटावर गेली, तर तिला काय मिळालें तें वर सांगितलेंच आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. “हें सर्व बालमंदिरांत ठीक, पन्नास मुलांच्या वर्गांत काय करावयाचें?” असें आम्हांस विचारण्यांत येतें. शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागें एक शिक्षक सांगितला आहे. प्रत्यक्षांत कित्येक वर्ग त्याहून मोठे असतात. अशा वर्गांतही जे उपाय गेल्या वर्षभर आम्हीं करून पाहिले, तेवढेच येथें देतों. ह्यांतील एकासही दमडीचा खर्च नाहीं, किंवा असलाच तर पाटीपुरता आहे.

पहिला उपाय थांबण्याचा. अमेरिकेंतील मेरी बड रो ह्या विदुषीनें १९७० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठीं सरासरीनें एक सेकंदच थांबतो; तोच तीन सेकंद थांबला तर उत्तरें लांब होतात, अधिक मुलें बोलूं लागतात, आणि ‘माहीत नाहीं’ असें म्हणणें कमी होतें. आम्हीं हें आपल्या वर्गांत केलें तेव्हां तीन सेकंद किती लांब असतात तें कळलें. आम्ही मनांत पांच अंक मोजतों, व तोंवर कोणासही हात वर करूं देत नाहीं. हात वर करणारीं तींच तीं चार मुलें थांबलीं म्हणजे उरलेल्या मुलांस विचार करण्यास अवकाश मिळतो.

दुसरा उपाय पाटीचा. प्रश्न विचारला कीं सर्वांनीं उत्तर पाटीवर लिहावें व खूण केल्यावर एकदमच वर धरावें. एका मुलास विचारलें तर एकाचेंच कळतें. पाटीनें पन्नासांचें एका दृष्टीनें कळतें. चूक पाटीवर पुसतां येते, तिची नोंद कोठें राहत नाहीं. त्यामुळें भित्रें मूलही लिहितें. वीस पाट्यांवर एकच चूक दिसली, तर ती मुलांची नसून आमच्या शिकविण्याची आहे हेंही तेथल्या तेथें समजतें.

तिसरा उपाय शेजाऱ्याचा. प्रथम एकट्यानें विचार करावा, मग शेजाऱ्यास सांगावें, मग वर्गास सांगावें. मेरीलँड विद्यापीठांतील फ्रँक लायमन ह्यांनीं १९८१ सालीं ही रीति ह्या क्रमानें मांडली. परंतु मुलानें मुलास शिकविणें ही आमच्याच देशाची जुनी चाल आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या अँड्र्यू बेल ह्यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं, ती रीत आपल्या शाळेंत आणली, व मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धति रचून १७९७ सालीं तिचें वर्णन लंडनास छापलें. पुढें ती इंग्लंडभर ‘मद्रास पद्धति’ म्हणून पसरली. तेव्हां शेजाऱ्याशीं बोलणारें मूल दिसतांच ‘गप्प बस’ म्हणण्यापूर्वीं तें काय बोलत आहे, एवढें आधीं ऐकावें.

चौथा उपाय आठवण्याचा. तासाच्या प्रारंभीं पांच मिनिटें पुस्तक बंद ठेवून काल शिकलेलें आठवून लिहावें. गुण द्यावयाचे नाहींत. रोडिगर व कारपिक ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, धडा पुनःपुन्हां वाचणाऱ्यांस लगेच घेतलेल्या परीक्षेंत अधिक आठवतें. पण आठवड्यानें पाहिलें तर, जे पुस्तक मिटून स्वतःस आठवावयास लावतात त्यांच्याच ध्यानांत अधिक राहिलेलें असतें. आमच्या जुन्या पंतोजींचा पाढे म्हणवून घेण्याचा हट्ट अगदींच निराधार नव्हता. त्यांची छडी मात्र निराधार होती.

पांचवा उपाय गांवाचा. प्रत्येक धड्यास मुलाच्या परिचयाची एक तरी वस्तु लावावी. जांभा दगड, आंब्याची पेटी, एस. टी. चें वेळापत्रक, बंदरावरचा माशांचा लिलाव, भरतीची पाउणकी, ह्यांत गणित, भूगोल व शास्त्र भरपूर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. ते दिवस सजावटींत न घालवितां अशा कामास लावावे. शिवाय ज्या मुलास पुस्तकी मराठी जड जाते, त्याचें उत्तर प्रथम त्याच्याच बोलींत ऐकावें आणि शुद्ध रूप मागून द्यावें.

सहावा उपाय पायरीचा. सातवींतील सर्व मुलें सातवीच्या पायरीवर असतात, हा एक गोड भ्रम आहे. १९९५ सालीं मुंबईंत निघालेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेनें, मूल कितव्या इयत्तेंत आहे हें न पाहतां तें आज काय वाचूं शकतें हें पाहून गट पाडावे व रोज थोडा वेळ त्या पायरीवरून शिकवावें, ही पद्धति रूढ केली. आम्ही आठवड्यांतून तीन तास असे गट करतों. गटांस हुषार व ढ अशीं नांवें देत नाहीं, आणि मूल पुढें सरकलें कीं त्याच दिवशीं गट बदलतों.

सातवा उपाय लेखणीचा. ह्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळांत अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक होते. वसतिगृहाच्या मुलांसाठीं ते ‘छात्रालय दैनिक’ हातानें लिहून काढीत. मुलें सकाळीं उठून तें वाचण्यास धांवत, कारण तें त्यांच्यासाठींच लिहिलेलें असे. आमच्या वर्गाच्या भिंतीवर आतां मुलांनींच लिहिलेलें एक पान दर सोमवारीं लागतें. त्यांतील पहिला लेख ‘पाऊण तास कोठें गेला?’ हा होता.

ह्यावर दोन आक्षेप येतात व दोन्हीं प्रामाणिक आहेत. पहिला आक्षेप असा: अशानें अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या मुलांस त्याच वर्गांत ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली व महाराष्ट्रानें ती घेतली आहे. तेव्हां पालकांची काळजी रास्त आहे. परंतु पुरा झाला तो कोणाचा अभ्यासक्रम? आमच्या दैनंदिनींतील कीं मुलाच्या मनांतील? त्या मुलाच्या वहींत तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा होता. वेळ जातो हें आम्हांस मान्य आहे. गेल्या वर्षीं इतिहासाचे दोन धडे आम्हांस घाईनें उरकावे लागले, हेंही लपवीत नाहीं. पण जो वेळ एरव्हीं तेंच तें तीनदां सांगण्यांत जात असे, त्यांतला पुष्कळसा वांचला.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. मुलें बोलूं लागलीं तर वर्ग हाताबाहेर जाईल, आणि हल्लीं तर छडीही नाहीं! छडी नाहीं हें खरें. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंसही मनाई आहे. परंतु बाजाराचा कलकलाट व कामाची कुजबूज ह्यांतला भेद कानास लगेच कळतो. आमचा नियम एकच आहे: हात वर झाला कीं बोलणें थांबलें पाहिजे. हा नियम मुलांच्या अंगवळणीं पडण्यास दोन महिने लागले, व त्या दोन महिन्यांत आमच्या मनांतही जुन्या छडीची आठवण दोनचारदां येऊन गेली, हें सांगून टाकावें हें बरें.

उलट बाजूनें कित्येकांस वाटतें कीं, वर्गांत पडदा लावून चित्रें हलविलीं म्हणजे काम झालें. यंत्रास आमचा विरोध नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यू. आर. चौकटी घालून मुलांस ध्वनि व चित्रें उपलब्ध करून देण्याच्या कामाबद्दल; आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनीं इतर नऊ स्पर्धकांस वांटून दिली. पण त्या चौकटींतही मुलासाठीं काय ठेवावें, हा विचार शिक्षकानेंच केला होता. ज्या पडद्यापुढें मूल नुसतें पाहत बसतें, तो पडदा म्हणजे न थांबणारा दुसरा शिक्षकच होय.

पालकांस आमची तीन मागणीं आहेत. पहिलें: मूल घरीं आलें कीं ‘किती मार्क पडले?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज तूं काय विचारलेंस?’ असें विचारावें. दुसरें: मुलानें आजीस, आजोबांस, धाकट्या भावंडांस शिकवावें असा प्रसंग रोज दहा मिनिटें घडवून आणावा, व आजीआजोबांस जें येतें तें मुलानें शिकून वर्गांत आणावें. तिसरें: प्रकल्प स्वतः करून देऊं नयेत. थर्माकोलाचा सुबक किल्ला आम्हांस नको. मुलाच्या हातचा वांकडा मातीचा किल्ला पाहिजे. आणि मुलाच्या देखत त्यास ‘ढ’ म्हणूं नका. आम्हीं तो शब्द तोंडानें उच्चारला नाहीं, ‘लक्ष कमी’ असें सभ्य भाषेंत लिहिलें. पण मुलगा तें वाचीत होता.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही दोन शब्द. ‘समजलें नाहीं’ असें म्हणणें हा अपराध नव्हे. तें शिक्षकास केलेलें साहाय्य आहे. आणि दुसऱ्याचें उत्तर चुकलें असतां हंसूं नका. एका हंसण्यानें एक मूल किती वर्षें गप्प बसतें, ह्याचा हिशेब पाउणकीनें निघत नाहीं.

असो. तो मुलगा आतां आठवींत आहे. त्याचे गुण पाहून कोणी चकित होणार नाहीं. मराठींत तो यंदाही कांठावरच सुटला आहे, गणितांत बरा आहे. दहावीपर्यंत तो शाळेंत टिकेलच असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. पाऊस लवकर संपून मासेमारी सुरू झाली कीं त्याच्या गैरहजेऱ्या वाढतात. पण तो बोलतो, हटकतो, चुकतो व पुन्हां बोलतो. यंदा दिवाळीपूर्वीं त्याचे वडील आमच्या विनंतीवरून एक तास वर्गांत आले व जाळें कसें विणतात, कोणत्या माशास केवढा डोळा ठेवतात, हें त्यांनीं मुलांस दाखविलें. आरंभीं ते फार संकोचले होते, खुर्चीवर बसेनात. तास संपल्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा गराडा त्यांच्याभोंवतीं पडला, तेव्हां मात्र घंटा झालेली त्यांस ऐकूंही आली नाहीं.

जातांना त्यांनीं आपला जुना प्रश्न काढिला नाहीं. आम्हींच काढिला. “ह्यो शिकला काय?” ह्याचें पुरतें उत्तर अद्यापि आमच्यापाशीं नाहीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें; मात्र तो प्रश्न आतां आम्ही दर सहामाहीस, प्रत्येक मुलापुढें, शेरा लिहिण्यापूर्वीं स्वतःस विचारतों. पालकांनींही तो आम्हांस विचारीत राहावें, एवढीच विनंती.